तिचा न धुतलेला ॲप्रन

सोमवारी सकाळी आमची मुलगी मुलुंडच्या घरातून निघून बोरीवलीच्या संशोधन संस्थेत गेली. दुपारी तिच्या गाईड मॅडमचा फोन आला. ती प्राण्यांच्या खोलीबाहेर कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आम्ही रुग्णालयात पोहोचलो. संध्याकाळी तिचा मृत्यू झाला.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात इतरांची पुस्तकं लावली. स्वतः लिहायची सवय नाही. एका बैठकीत थोड्या ओळी होतात आणि दुसऱ्या बैठकीत त्यातल्या बऱ्याच खोडाव्याशा वाटतात. पण नंतरच्या आठवड्यांत जे झालं ते मी आणि माझ्या बायकोने पाहिलं, आणि ती ते कधी लिहिणार नाही. बायकोला मी आयुष्यभर 'ही' म्हणत आलो, इथेही तसंच लिहितो.

आमची मुलगी हाडांवर पीएचडी करत होती. त्याचं मूळ आमच्या घरात होतं. माझी आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाडं पार ठिसूळ झाली आहेत, ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई पलंगावर पडली ती उठलीच नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. घरी आली की आजीला चमच्याने ताक पाजायची. आजीने एकदा विचारलं, "तुमच्या पुस्तकात हाड जोडायचं औषध नाही का गं?" तिने विज्ञानाचं पुस्तक दप्तरातून काढून शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि नाही म्हणून सांगितलं.

पुढे ती जे शोधत होती ते औषध म्हणजे एक हार्मोन होतं. आपल्या गळ्यात थायरॉईडच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात, त्यातून ते पाझरतं. रक्तात त्याचं प्रमाण सतत जास्त राहिलं, तर ते हाडातलं कॅल्शियम काढून घेतं. तेच दिवसातून एकदा थोडंसं टोचलं, तर हाड बांधायला लागतं. ठिसूळ हाडांच्या बायकांना ते आजही देतात. आमच्या मुलीला बघायचं होतं की अशा ठिसूळ शरीरात मोडलेलं हाड त्याने पक्कं जुळतं का.

"एकच औषध हाड खातंपण आणि बांधतंपण?" ही जेवताना म्हणाली. "असं कसं असेल?"

"तुझ्या बोलण्यासारखं, आई. दिवसातून एकदा बोललीस तर माणूस सुधारतो. दिवसभर बोललीस की पप्पांसारखा पोकळ होतो."

"तुझे पप्पा पोकळच मिळाले होते मला. मी काही केलेलं नाही."

मी आमटी वाढून घेतली. आमच्या घरात माझ्यावर असेच विनोद व्हायचे आणि मला ते आवडायचे.

प्रयोग पांढऱ्या उंदरांवर होता. सगळ्या माद्या. म्हातारपणी बायकांची हाडं होतात तशी व्हावीत म्हणून आधी त्यांची अंडाशयं काढलेली होती. मग भूल देऊन मांडीचं एक हाड मोडायचं, आत बारीक तार घालायची, वेदनाशामक द्यायचं, आणि नंतर रोज मानेवरच्या सैल कातडीखाली सुई टोचायची. निम्म्यांना हार्मोन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय जातंय, हे फक्त मॅडमना ठाऊक. शेवटी सगळ्यांना मारून हाडं काढायची.

आम्ही अकोल्याकडचे बौद्ध. रविवारी विहारात वंदनेला जातो, पंचशील म्हणतो. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे त्यातलं पहिलं. ही पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे चूक दिसली की तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

"तू पहिलं शील म्हणताना नुसतं तोंड हलवतेस. त्यापेक्षा दुसऱ्यापासून सुरू करत जा."

"बरं. आणि तू कोळंबी साफ करताना कितवं म्हणतेस?"

"कोळंबी मी विकत आणते. मेलेली."

"उंदीर मॅडमपण विकतच आणतात."

"जिवंत आणतात ना."

त्यावर ती हसली नाही. म्हणाली, "म्हणून तर मी त्यांना रोज हातात घेते, आई."

तसं ती करायची. शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून ती एकेका उंदराला रोज हातात घेऊन बसायची. पांढऱ्या उंदराला फार कमी दिसतं, त्याची ओळख वासावर चालते, असं तिने मला सांगितलं होतं. म्हणून तिने सुगंधी साबण सोडला, केसांना तेल लावणं सोडलं. त्या खोलीत घालायचा सुती ॲप्रन ती सहसा धुवायची नाही. ओळखीच्या हातात उंदीर अंग सैल सोडतो आणि सुई टोचलेली त्याला धड कळतही नाही. अनोळखी हातात तो जिवाच्या आकांताने धडपडतो. त्यात जुळत आलेल्या पायाला धक्का बसतो.

ती गेल्यावर संस्थेने तिची बॅग घरी पोहोचवली. डबा होता, छत्री होती, तो ॲप्रन होता. हिने डबा घासून ठेवला. ॲप्रन मात्र बुद्धमूर्तीच्या फळीशेजारी खुंटीला अडकवला. फळीवर आता मुलीचा फोटोही होता. संध्याकाळी ही मेणबत्ती आणि अगरबत्ती लावायची, मग ॲप्रनची कॉलर दोन्ही हातांनी धरून त्यात नाक खुपसून उभी राहायची. मी तेवढा वेळ पुस्तक वर धरायचो. आमच्या घरात तिचा वास असलेली ती एकच गोष्ट होती. तिचे बाकीचे कपडे आणि चादरी पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी मदत म्हणून मशीनला लावून टाकल्या होत्या.

मुलीसाठीचा जलदान विधी झाल्यावर मॅडम घरी आल्या. बरोबर त्यांची एक विद्यार्थिनी होती, बोरीवलीतल्या मालवणी घरातली. आमच्या मुलीचं काम आता ती बघत होती. तिच्या अंगठ्याला पट्टी होती.

"मागायला आलेय आणि मागायची लाज वाटतेय," मॅडम म्हणाल्या.

विद्यार्थिनीच म्हणाली, "काकू, माझ्याकडे त्या थांबतच नाहीत. ताईकडे झोपून जायच्या. मी हात घातला की किंचाळतात. दोघींच्या पायातली तार वाकली. हा अंगठा तर बघताच आहात."

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. भीतीनेसुद्धा शरीरात हार्मोन सुटतात, त्यांचाही हाडावर परिणाम होतो. अजून काही तारा वाकल्या तर प्रयोग बंद करावा लागेल. मुलीची वर्षं त्यात गेली होती. तिचा वास असलेलं एखादं कापड मिळालं तर उंदीर शांत होतील, असं त्यांना वाटत होतं.

"बंद केलात तर उंदरांचं काय करणार?" हिने विचारलं.

"संपवावं लागेल."

"आणि पुरा झाला तर?"

"तरीही. पण मग निदान काही कळलेलं असेल."

ही खुंटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ॲप्रन मी देणार नाही."

मॅडम उठायला लागल्या.

"मी घेऊन येईन. माझ्या अंगावर."

बाहेरच्या माणसाला प्राण्यांच्या खोलीत जाता येत नाही. मॅडमनी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीकडून परवानगी काढली. ही सुई टोचणार नव्हती, फक्त उंदीर हातात धरणार होती. आम्ही मुलुंडहून बस पकडून बोरीवलीला गेलो. संस्थेच्या मागच्या भिंतीला नॅशनल पार्कची झाडं लागून आहेत. दिवसासुद्धा तिथे ट्यूबलाईट लावावी लागते. खोलीच्या दाराला एक चौकोनी काच होती, त्याबाहेर मी बाकावर बसलो.

मुलगी हिच्याहून उंच होती. हिने ॲप्रनच्या बाह्या दुमडल्या आणि पिंजऱ्यासमोर उभी राहिली. विद्यार्थिनीने झाकण उघडलं. आतल्या सगळ्या एका कोपऱ्यात पळाल्या आणि एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या. हिने हात पुढे केला तशी एक किंचाळली. काचेतूनही ते मला ऐकू आलं. दुसऱ्या पिंजऱ्यापाशीही तेच झालं.

मॅडम हिच्याजवळ गेल्या आणि जरा थांबून म्हणाल्या, "घरी अगरबत्ती लावता का?"

हिने मान डोलावली.

"ह्या ॲप्रनच्या जवळ?"

परतीच्या बसमध्ये ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. पवई मागे पडल्यावर म्हणाली, "मीच पुसत होते तिला. रोज संध्याकाळी."

"तिचा वास अजून राहिला असेल आतल्या बाजूला कुठे," मी म्हणालो.

घरी आल्यावर हिने खरंच ॲप्रन उलटा केला. बाहेरच्या बाजूला चंदनाचा धूर बसला होता. आतली बाजू, मुलीच्या अंगाला लागणारी, काखेपाशी आणि मानेपाशी, अजून तिची होती. हिने मला बोलावून वास घ्यायला लावला. मी घेतला. त्याबद्दल मी लिहीत नाही.

अगरबत्ती बंद झाली. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला लागलो. ही मुलीच्या बिनवासाच्या साबणाने अंघोळ करू लागली. माझी बहीण भेटायला आली आणि फळीपुढे उभी राहून म्हणाली, "काय गं वहिनी, पोरीच्या फोटोपुढे अगरबत्तीसुद्धा नाही?"

"मेणबत्ती आहे ना."

"मेणबत्तीला कुठे वास असतो?"

"म्हणूनच," ही म्हणाली. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला चहाला साखर किती ते विचारलं.

दुसऱ्या खेपेला हिने ॲप्रन उलटाच घातला. शिवणी बाहेर, खिसे आत. विद्यार्थिनीने झाकण उघडलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातल्या ढिगातून एक बाहेर आली. तार घातलेला पाय जरा उचलून धरत, नाक थरथरवत, ती हिच्या हातापर्यंत आली, मनगट हुंगलं आणि दुमडलेल्या बाहीत शिरली. तिच्यामागे दुसरी आली. मला हिची पाठ दिसत होती. ती अजिबात हलत नव्हती. विद्यार्थिनीने एकेकीला सुई टोचली आणि कोणीही किंचाळलं नाही.

बाहेर आल्यावर ही बाकावर माझ्याशेजारी बसली.

"त्यांना कुणी सांगितलंच नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"ती गेली म्हणून. त्यांच्या हिशोबी ती आज आली. थोडी उशिरा आली, एवढंच."

मग आम्ही रोज जायला लागलो. इंजेक्शनला सुट्टी नसते. घरातून निघताना हिची घाई असायची. "चला, वाट बघत असतील," म्हणायची, आणि वाट कोण कोणाची बघतंय ते मी विचारत नसे. आत ती मुलीसारखी एका खांद्याने कलून उभी राहू लागली होती. बोलण्यातला भूतकाळ गेला होता. शेजारणीने काही विचारलं की, "तिला रविवारी पण जावं लागतं," असं उत्तर यायचं. मी ते दुरुस्त करत नसे. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही, तशा गोष्टी आमच्या घरात वडिलांनीच बंद केल्या होत्या. पण त्या काचेतून पाहताना, उंदीर हिच्या बाहीत शिरत असताना, खोलीत हिच्या आणि विद्यार्थिनीच्या जोडीला आणखी कोणी आहे असं मला वाटायचं. उंदरांना तर ते ठामपणे माहीत होतं. आमच्या नातेवाइकांत, तिच्या मैत्रिणींत, आम्हा दोघांत कोणाकडेच ती तशी राहिलेली नव्हती.

प्रयोग संपत आला तेव्हा ही मॅडमशी बोलली. मी तिथेच होतो.

"एक मला द्या. एकच. घरी नेते."

"काकू, नाही देता येत."

"मिठाच्या पाण्यावाल्यांतली द्या. औषधवाली नको."

"पाण्यावाल्या नसतील तर औषधवाल्यांची तुलना कशाशी करायची? आणि ही संख्या तुमच्या मुलीनेच ठरवली होती. समितीपुढे ती केवढी भांडली होती. एकही उंदीर गरजेपेक्षा जास्त मरता कामा नये म्हणून हिशोब करून तिने कमीत कमी घेतले. आता त्यातला एक काढला तर बाकीचे फुकट जातील."

"हाडच बघायचंय ना? एक्स-रे काढा."

"एक्स-रेत जुळलेलं दिसतं. किती पक्कं जुळलंय ते मोडून बघितल्याशिवाय कळत नाही."

"म्हणजे जुळलेलं परत मोडायचं."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही हे सांगणं सोपं गेलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी गॅस सिलेंडर आला, त्या गडबडीत आम्ही उशिरा निघालो. जोगेश्वरीच्या पुढे हिने पिशवीत हात घातला आणि ॲप्रन घरीच राहिल्याचं लक्षात आलं. परत जाण्याइतका वेळ नव्हता, सुई ठरलेल्या वेळी टोचावी लागते. संस्थेने हिला धुतलेला, कडक इस्त्रीचा दुसरा ॲप्रन दिला. हिने तो घातला तो निरुपायाने. आज सगळं बिघडणार असं धरून मीही काचेशी जाऊन उभा राहिलो.

झाकण उघडलं आणि त्या आल्या. रोजच्यासारख्या आल्या. एक हिच्या तळहातावर बसली आणि डोळे मिटू लागली.

"बघितलंत, काकू?" विद्यार्थिनी कौतुकाने म्हणाली. "तुम्हालाच ओळखतात आता. काय गो बाय, काकूंची लाडकी झालीस ना तू?"

हिने सगळ्या जणींचं होईपर्यंत हात स्थिर ठेवला. मग बाहेर येऊन बाकावर बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"कधीपासून माझ्याकडे येताहेत त्या?"

हे कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. कदाचित बरेच दिवस झाले असतील. ॲप्रनमधली मुलगी केव्हातरी संपली होती आणि आम्हा दोघांना ते कळलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर हिने ॲप्रनचा वास घेतला, सगळीकडून घेतला. मग मला म्हणाली, "ती गेली." आधी इतक्या लोकांना तिने हे सांगितलं होतं. पण मला वाटतं, खऱ्या अर्थाने तिने ते म्हटलं ते त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. ॲप्रन न घेता.

"आता कशाला?" मी विचारलं.

"सुई टोचताना कोणीतरी धरायला नको?"

शेवटच्या दिवशी तिने एकेकीला धरलं. मॅडम म्हणाल्या होत्या, काकू, आज नाही आलात तरी चालेल. ही गेली. भुलीचं औषध जास्त प्रमाणात द्यायचं होतं, ते विद्यार्थिनी देत होती आणि देताना रडत होती. हिचे डोळे कोरडे होते. प्रत्येकीला अंग सैल पडेपर्यंत ती हातात ठेवायची, मग ट्रेवरच्या कापडावर ठेवून दुसरीला घ्यायची. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. काय बोलत होती ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतरच्या रविवारी विहारात सगळे शील म्हणत होते, तेव्हा पहिल्याला हिचा आवाज आला नाही. दुसऱ्यापासून आला.

हाडं मोडून बघायची होती तेव्हा मॅडमनी आम्हाला बोलावलं. ही आली नाही. मी गेलो, कारण मुलीने ते केलं असतं आणि मला सांगितलं असतं. छोटं यंत्र होतं. दोन टेकूंवर हाड आडवं ठेवतात, वरून एक पातं हळूहळू दाबत येतं. पडद्यावर रेघ चढत जाते. मग वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज होतो आणि रेघ खाली पडते. काही रेघा लवकर पडल्या, काही चढतच राहिल्या. चढत राहिल्या की मी श्वास धरून ठेवत होतो.

नंतर मॅडमनी कुठला पिंजरा कशाचा होता ते उघड केलं. हार्मोनवाली हाडं मोडायला एकंदरीत जास्त जोर लागला होता. सगळीच नाही. काही हार्मोन देऊनही नीट जुळली नव्हती, आणि मिठाच्या पाण्यावरची काही चांगली पक्की होती.

"ती असती तर ह्यावर खूश झाली नसती," मॅडम म्हणाल्या. "ही काही का जुळली नाहीत, म्हणून माझं डोकं खाल्लं असतं."

घरी हिने दार उघडता उघडताच विचारलं, "जुळलं?"

"बहुतेकींचं. औषधाने जास्त पक्कं."

"आपल्या आईंचं जुळलं असतं?"

"उंदरांवरून माणसांचं लगेच सांगता येत नाही म्हणतात."

तिने मान हलवली आणि आत जाऊन कुकर लावला.

पुढे मॅडमनी शोधनिबंध लिहिला. त्यात आमच्या मुलीचं नाव पहिलं आहे आणि नावावर एक खूण आहे. ती हयात नाही असा त्या खुणेचा अर्थ खाली बारीक अक्षरात दिला आहे. मी तो निबंध वाचला. अर्ध्याहून जास्त कळला नाही.

उरलेली हाडं संस्थेत बाटल्यांमध्ये आहेत. घरात आम्ही दोघं आहोत.